अर्धी दाढी, पूर्ण वाक्य

उजवा गाल झाला होता, डावा फेसात होता आणि वस्तरा हवेत थांबला होता. कारण 'देअर इज अ स्नेक इन द वेल' या वाक्यातला सब्जेक्ट कोणता, यावर दुकानात वाद पेटला होता. आज तिसरा दिवस. हनुवटीवरची चीर अजून साबणाला झोंबते, म्हणून लिहितो.

यवतमाळ रोडच्या फाट्यावरचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, एक बाक. बाकावर दुकानदारभाऊंचा आठवीतला भाचा वही घेऊन बसलेला. त्यानं 'स्नेक' लिहिलं होतं. त्यावर लाल फुली, शेजारी लाल शाईत 'देअर', आणि अर्धा मार्क कापलेला. "सर, तुमीच सांगा," भाऊ म्हणाले. मी फेसातून "स्नेक" म्हणालो आणि फसलो.

"कसा काय स्नेक? गाईडमधी साफ लिवलं हाये. पयला शब्द सब्जेक्ट, शेवटचा ऑब्जेक्ट, मंधात उरलं ते व्हर्ब."

हा नियम ज्यानं छापला त्याला फाट्यावर उन्हात उभं करावं, अशी माझी नम्र सूचना आहे. 'येस्टरडे द बुलॉक एट द कॉटन इन द फील्ड' या वाक्याला तो लावून बघा. सब्जेक्ट 'येस्टरडे', ऑब्जेक्ट 'फील्ड'. म्हणजे कालनं शेत खाल्लं. आमच्याकडे हे तसं खोटंही नाही, पण व्याकरणात चालत नाही.

क्रम उलटा हवा. सगळ्यात आधी क्रियापद धरायचं. ते कसं ओळखायचं? वाक्य आजचं असेल तर कालचं करायचं आणि कोणता शब्द बदलला ते बघायचं. 'इज'चं 'वॉज' झालं. साप, विहीर, सगळे जागच्या जागी. मग क्रियापदाला 'कोण? काय?' विचारायचं. तरी शंका राहिली तर एकाचे दोन करायचे. दोन विहिरी केल्या तरी 'इज' हलत नाही. दोन साप केले की लगेच 'आर' होतं. क्रियापद ज्याचं ऐकतं तो सब्जेक्ट. 'वन ऑफ द बॉइज इज अ‍ॅबसेंट' इथे पोरं फसतात ती याच कारणानं: शेजारच्या 'बॉइज'ला बघून 'आर' लिहून मोकळी होतात, गैरहजर तर एकटा 'वन' आहे.

पोरांचा दोष नाही म्हणा. मराठीत पोरानं भाकर खाल्ली, आंबा खाल्ला, केळं खाल्लं. क्रियापद खाणाऱ्याला सोडून ताटातल्या वस्तूच्या मागे जातं. इंग्रजीत काहीही खा, 'एट'. शिवाय आपल्याकडे 'माणसाले कुत्रा चावला' काय आणि 'कुत्रा चावला माणसाले' काय, चावणारा कुत्राच, कारण 'ले' माणसाला चिकटलेला असतो. इंग्रजीत 'मॅन' आणि 'डॉग' जागा बदलले की माणूस कुत्र्याला चावतो.

हे सगळं मी मान मागे टाकून, वर बघत सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि वस्तरा आपल्या तळहातावर दोनदा फिरवला.

"मंग 'सिट डाऊन'चा सब्जेक्ट कुठी हाये?"

"यू. लपलेला असतो."

"लपलेला चालते, अन् समोर बसलेला देअर नाई चालत?"

"तसं नाही भाऊ..."

"थांबा. 'इट इज रेनिंग'. कोन पडून राह्यलं?"

"इट."

"इट म्हंजे कोन?"

"कोणीच नाही. तिथं काहीतरी बसवावं लागतं म्हणून."

भाऊंनी वस्तरा आरशाच्या फळीवर ठेवला. हे फार वाईट लक्षण. "म्हंजे जो कोनीच नाई, त्याले तुमी सब्जेक्ट केलं. अन् देअर बिचारा काहून नाई? त्याच्याकडं काय जातीचा दाखला नाई काय?"

बाक हसला. मी गळ्याभोवतीच्या कापडातून हात बाहेर काढला, गालावरचा फेस बोटावर घेतला आणि आरशावर आडवी रेघ ओढली. रीड आणि केलॉग या दोन अमेरिकन मास्तरांनी १८७७ साली ही वाक्य मांडायची रीत पुस्तकात आणली. आडव्या रेघेवर डावीकडे सब्जेक्ट, उजवीकडे क्रियापद, मधून एक उभी रेघ आडवीला कापून खाली जाणारी. ऑब्जेक्ट असला तर क्रियापदानंतर आणखी एक उभी रेघ, पण ही आडवीवरच थांबते, खाली उतरत नाही. मी 'स्नेक' लिहिलं, 'इज' लिहिलं, 'इन द वेल' क्रियापदाखाली तिरकं टांगलं. 'देअर' वर, सगळ्यांपासून सुटा, एका वेगळ्या रेघेवर.

"पाहा," भाऊ म्हणाले, "त्याले वरतं बसवलं का नाई? मानाचा पाट!"

आता खरं बोलणं भाग होतं. प्रश्न करताना 'इज देअर अ स्नेक?' होतं, साप जागचा हलत नाही, 'देअर'च उडी मारतो. वाक्याच्या शेपटीला 'हो ना?' असा प्रश्न जोडला तर 'इझन्ट देअर?' लागतं, 'इझन्ट इट?' नाही. म्हणून आजचे बरेच भाषाशास्त्रज्ञ सब्जेक्टची खुर्ची 'देअर'लाच देतात. शाळेचं व्याकरण मात्र 'देअर'ला नुसता प्रस्तावनेचा शब्द म्हणतं आणि सापाला खरा सब्जेक्ट मानतं. म्हणजे खुर्चीत एक, आणि क्रियापद ऐकतं दुसऱ्याचं.

"मंग असं सांगा ना, सर! खुर्चीत बाई, हुकूम नवऱ्याचा. साप हा सरपंचपती हाये!"

पोराच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. पंधरा मिनिटं मी घसा कोरडा केला होता, आणि श्रेय गेलं ग्रामपंचायतीला. त्या आनंदात भाऊंनी वस्तरा उचलला आणि पहिल्याच फटक्यात हनुवटी उघडली. वर तुरटी. पैसे पूर्ण दाढीचे.

लाल शाईचा राग मात्र वेगळा आहे. पोरानं शाळेच्याच नियमाप्रमाणे उत्तर लिहिलं होतं, आणि तेच कापलं गेलं. 'देअर' लिहिणाऱ्यानं खुर्चीचा विचार करून लिहिलं असतं तर मी पाय धरले असते. त्यानं पहिला शब्द उचलला, बस. अर्धा मार्क परत मिळालेला नाही.

काल दुकानावरून गेलो. आरशावर फेस वाळून आकृती तशीच पांढरी उमटलेली, खुर्चीतल्या माणसाच्या कपाळावर बरोबर 'देअर'.

"पुसा की भाऊ."

"राहू द्या," ते म्हणाले, "गिऱ्हाईक वाचून राह्यलं."