दहा नंबर म्हणजे नक्की कुठला हो?

विणलेल्या बाहुलीचा झकास फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘१० नंबरची सुई, घरातली लोकर’. झालं! अहो, कुठला १०? आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश मापात १० म्हणजे ३.२५ मिमी, अमेरिकन मापात तोच ६ मिमी! डीके (मध्यम जाडीची) लोकर ६ मिमीच्या सुईवर विणली की बाहुली कसली, गाळणीच होते. आत फायबर (कृत्रिम कापूस) भरलं की टाक्यांतून पांढरं डोकावतं, पोट ताणून भोपळा. स्वेटरला ४ मिमी ठीक; बाहुलीला ३ मिमी घ्या, वीण घट्टच हवी. सुईचं माप मिलिमीटरमध्ये लिहायला काय पैसे पडतात?