वर्षभर हात लावला नाही म्हणून ती अडगळ?

दिवाळी जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप फिरू लागतो. यंदा तो आधी इथल्याच, इंदूरच्या सुदामानगरच्या वहिनींकडून आला, मग पुण्याच्या भाच्याकडून. मजकूर थोडक्यात असा: वर्षभर वापरली नाही ती वस्तू काढा, कागदांचे फोटो घ्या आणि फाडा, सुंदर डबे आणून सगळं लावा, नको ते कचरागाडीत घाला, घर मोकळं झालं की रोजची धावपळ संपलीच. मी हे सगळं करून बसले आहे, म्हणून बोलते.

पहिला वर्षाचा नियम. सासूबाई गेल्या त्या वर्षी आमच्याकडे सण केले नाहीत. नियमाने पाहिलं तर पुरणयंत्र, सोऱ्या, गौरींचे मुखवटे, सगळीच अडगळ! मुखवट्यांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही, पण पितळी सोऱ्या भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकला. पुढच्या दिवाळीला नवा आणला. त्यात चकलीचं पीठ खाली यायच्या ऐवजी दट्ट्याच्या कडेने वर येतं, आणि मी एका हाताने पीठ निपटत दुसऱ्या हाताने दाबत बसते. वस्तू किती दिवसांपूर्वी वापरली हे विचारून काही कळत नाही. गेली तर पुन्हा तशी मिळेल का, आणि ठेवली तर जागा किती अडवते, हे विचारा. सोऱ्या वीतभर जागा अडवत होता. त्याच माळ्यावर (शेजारी त्याला टांड म्हणतात, आता आम्हीही) बंद पडलेल्या टीव्हीचं रिकामं खोकं मात्र ऐसपैस बसलं होतं. ते कुणाला दिसलंच नाही.

कागदांचा सल्ला तर धोक्याचा आहे. डिजिलॉकरमध्ये (कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप) सरकारी खात्याकडून थेट आलेलं लायसन्स मूळ कागदाइतकंच धरलं जातं, हे खरं. पण आपणच फोटो काढून तिथे चढवला तर तो नुसता फोटो. सासऱ्यांच्या ट्रंकेत पिवळे पडलेले शेअर निघाले. वीसेक वर्षं ती कुणी उघडली नव्हती. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर तसेच्या तसे विकता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे कागदावरून संगणकी खात्यात जमा, करावे लागतात, आणि त्याला मूळ सर्टिफिकेट लागतं. सलग 7 वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर शेअर केंद्र सरकारच्या आयईपीएफ निधीत (कुणी न मागितलेले लाभांश आणि शेअर जिथे जमा होतात) जातात. तिथून परत मागता येतात, पण तिथेही तोच पिवळा कागद पुढे करावा लागतो. फाडला असता तर शपथपत्रं आणि हमीपत्रं करत फिरलो असतो. फाडायचीच हौस असेल तर मेलेल्या मिक्सरची पुस्तिका फाडा. आमच्याकडे अशा चार होत्या, त्यांतली एक तर आमच्या मिक्सरची नव्हतीच.

डब्यांबद्दल फार बोलत नाही. बारा डबे आणले, ते ठेवायला जागा करावी लागली.

आता कचरागाडी. आमचं इंदूर 2017 ते 2023 सलग सात स्वच्छता सर्वेक्षणांत देशात पहिलं आलं (शेवटच्या वेळी सुरतेसोबत), त्यामुळे आपल्याला वाटतं की दारातली गाडी काहीही गिळते. देवगुराडियाला 2022 मध्ये सुरू झालेला रोज 550 टनांचा प्रकल्प बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांत भरायचा गॅस, करतो तो ओल्या कचऱ्याचा, तुमच्या जुन्या गादीचा नव्हे. संपलेले सेल, फुटका थर्मामीटर, मुदत टळलेल्या गोळ्या वेगळ्या द्यायच्या असतात. एकाच दिवशी माळा रिकामा करणारा माणूस हे सगळं एकाच पोत्यात भरतो. मीही भरलं होतं, आणि गाडीवरच्या पोराने सगळ्या गल्लीसमोर पोतं उलटं करून मला निवडायला लावलं. चांगले कपडे, पुस्तकं, खेळणी गाडीत घालूच नयेत. 2023 च्या मे महिन्यात देशभर आरआरआर केंद्रं (जुन्या वस्तू पुन्हा वापरात आणायला जमा करायची ठिकाणं) निघाली ती त्यासाठीच.

राहिला शेवटचा दावा, धावपळ संपण्याचा. यावर माझा खरा राग आहे. सकाळी साडेआठला आमच्या घरात ओरडा होतो तो माळ्यावरच्या कशासाठी? ॲक्टिव्हाची किल्ली, ह्यांचा चष्मा, गॅसचं पुस्तक, मुलीचा चार्जर. चारही वस्तू रोजच्या, चारही गरजेच्या, निरोपातल्या कुठल्याच नियमात न बसणाऱ्या. माळा धुऊनपुसून लख्ख केला त्या दुसऱ्याच दिवशी किल्ली हरवली होती. ती दही लावायच्या पातेल्याखाली सापडली. घरात शिरल्यावर हात जिथे आपसूक रिकामा होतो तिथेच किल्लीची जागा हवी, आणि आमचा हात ओट्यावर रिकामा होतो. म्हणून ओट्याच्या वर, फळीच्या कडेला एक खिळा ठोकला.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी त्यावर भाजीची पिशवी अडकवली. आता दोन खिळे आहेत.