गोठ्यावर कापूस कशाला?

वाद कापसावरून पेटला. डिसेंबरचा दुसरा आठवडा, वसईत गल्लोगल्ली नाताळगोठ्यांची, म्हणजे बेथलेहेममधल्या येशूजन्माच्या देखाव्यांची, लगबग. पीटरच्या मंडळाचा बांबूचा सांगाडा उभा राहिला होता, वर पेंढ्याचं छप्पर चढलं होतं आणि त्यावर पसरायला कापसाची दोन जाडजूड बंडलं कट्ट्यावर येऊन पडली होती. देसाई सर भूगोल शिकवून निवृत्त झालेत, पण परीक्षक अजून निवृत्त झालेला नाही. त्यांनी बंडलाला काठी टोचली.

"पीटर, देखावा बेथलेहेमचा करतोयस की लंडनचा?"

"सर, नाताळ म्हटलं की बर्फ आलाच."

"कुठे आला? बेथलेहेम साधारण पावणेआठशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या माथेरानच्या आसपास. डिसेंबरात दिवसा 13-14 अंश, रात्री 6-7. बोचरी थंडी आणि मधून मधून पाऊस. तिकडचा पावसाळाच हिवाळ्यात, ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळाभर करपलेल्या टेकड्या नाताळच्या सुमारास हिरव्या व्हायला लागतात. छपरावर कापूस घालण्यापेक्षा खाली गवत वाढव."

नंदू जहाजावर असतो, त्यामुळे कुठल्याही देशाबद्दल त्याचं म्हणणं असतंच. "पडतच नाही असं म्हणू नका सर. 2013 च्या डिसेंबरात जेरुसलेमकडे एवढा बर्फ साचला की रस्ते बंद पडले होते."

"पडतो रे, अधूनमधून. पण पडला तर बहुतेकदा जानेवारी-फेब्रुवारीत. आणि तिथे नाताळ एकदा नसतो. कॅथलिकांचा 25 डिसेंबरला, ऑर्थोडॉक्स मंडळींचा 7 जानेवारीला, आर्मेनियनांचा 19 जानेवारीला. बर्फाचीच हौस असेल तर आर्मेनियन व्हावं लागेल."

गवताची सूचना पीटरला पटली, पण त्याची अडचण खरी होती: गेल्या खेपेचं गवत आडवं पडलं होतं. यावर मात्र सगळ्यांचं झटकन एकमत झालं. गहू 10-12 तास भिजवायचे, ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर माती, वर दाणे दाटीने पण एकाच थरात. दोन दिवस ओलं गोणपाट झाकायचं, कोंब दिसले की काढून उजेडात ठेवायचं. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. तळाशी साचलं की मुळाशी बुरशी धरते आणि वास मारतो. 24 च्या रात्री बोटभर उंच, ताठ गवत हवं तर 12-13 तारखेला पेरायचं. लोक पहिल्या आठवड्यातच पेरून मोकळे होतात, मग ते वाढून माना टाकतं, पिवळं पडतं. आणि यंदासारखी रात्री कडाक्याची थंडी असेल तर दोन दिवस आधी पेरलेलं बरं.

"ते झालं," पीटर म्हणाला, "पण मग हा बर्फ आमच्या डोक्यात घातला कोणी?"

"इंग्रजांनी," मेघा म्हणाली. ती विमा कंपनीसाठी हवामानाची आकडेवारी चाळते, त्यामुळे तिच्याशी पैज लावायला सहसा कुणी धजत नाही. "नाताळची भेटकार्डं आणि नाताळच्या गोष्टी फोफावल्या एकोणिसाव्या शतकात. त्या लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्यांनी लहानपणी खरोखर कडक हिवाळे पाहिले होते. थेम्स नदी गोठून तिच्यावर शेवटची जत्रा भरली ती 1814 मध्ये. ते हिवाळे गेले, चित्रं राहिली."

सरांनी त्यात भर घातली. ब्रिटनने 1752 मध्ये पंचांग बदललं. 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला. अकरा दिवस गळाले. म्हणजे जुना 25 डिसेंबर आजच्या 5 जानेवारीला यायचा. दिवस सर्वांत लहान 21-22 डिसेंबरला असतो, पण जमीन आणि समुद्र निवायला आणखी काही आठवडे जातात, खरी थंडी जानेवारीतच. नाताळ अकरा दिवस अलीकडे ओढला म्हणजे तो बर्फापासून दूर ओढला.

"पण लंडनमध्ये पांढऱ्या नाताळवर सट्टा लागतो, तो काय उगाच?" नंदूने विचारलं.

इथे मेघाला आवडता विषय मिळाला. सट्टा लागतो, पण कशावर, ते बघा. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या हिशेबात 25 तारखेच्या 24 तासांत देशात कुठेही एक हिमकण पडताना दिसला की झाला पांढरा नाताळ. जमिनीवर काही साचायची गरज नाही. कॅनडात सकाळी 7 वाजता जमिनीवर 2 सेंटिमीटर बर्फ लागतो. अमेरिकेत एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर. जर्मनीत तर 24, 25 आणि 26 असे तिन्ही दिवस किमान एक सेंटिमीटर टिकलेला हवा. त्यामुळे "कुठे किती वेळा पांढरा नाताळ झाला" असे तक्ते फिरतात ते शेजारी ठेवून वाचण्यात अर्थ नाही. ब्रिटनची वर्षं निम्म्याहून जास्त पांढरी निघतात, कारण स्कॉटलंडच्या एखाद्या डोंगरावर कुणाला तरी एक कण दिसतोच. जमिनीवर सगळीकडे बर्फ हे निराळं प्रकरण; 2010 मध्ये 83 टक्के केंद्रांवर तो होता आणि लोक अजून त्याची आठवण काढतात.

"मग ही शुद्ध फसवणूक झाली," पीटर म्हणाला.

"फसवणूक नाही, सोय आहे," मेघा म्हणाली. "पण कॅनडाची व्याख्या मला जास्त प्रामाणिक वाटते."

सरांना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, कॅनडाच्या व्याख्येत आठवड्यापूर्वीचा मळका, ट्रकने चिखल उडवलेला बर्फसुद्धा पास होतो. दोघांपैकी कुणीही माघार घेतली नाही आणि चहा आला.

चहाबरोबर नंदूने मूळ गैरसमज बाहेर काढला: जितकं उत्तरेला तितका बर्फ पक्का. सर हसले. लंडन 51.5 अंश उत्तरेला, टोरांटो 43.7. म्हणजे टोरांटो लंडनच्या बरंच दक्षिणेला, तरी तिथे साधारण निम्म्या वर्षी नाताळला जमिनीवर बर्फ असतो. कॅनडातलंच विनिपेग जवळपास लंडनच्याच रेषेवर, तिथे बर्फ नसलेला नाताळ शोधावा लागतो. फरक आहे तो वाऱ्याच्या वाटेत. ब्रिटनवर वारा येतो पश्चिमेकडून, अटलांटिकवरून, आणि डिसेंबरात तिकडचं पाणी अजून 10-11 अंशांचं असतं. जमिनीजवळची हवा 2 अंशांच्या वर असली की वरून निघालेला बर्फ खाली येईपर्यंत पाणी होतो. बर्फ हवा तर वारा उत्तर ध्रुवाकडून किंवा पूर्वेकडून, रशियाच्या बाजूने यायला हवा. समुद्र सर्वांत गार होतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून इंग्लंडात नाताळपेक्षा ईस्टरला बर्फ पडण्याची शक्यता जास्त, असं गमतीने नव्हे तर हिशेबाने म्हणतात. जर्मन लोकांनी तर नाताळच्या आठवड्यातल्या उबदार पश्चिम वाऱ्याला आणि बर्फ वितळण्याला वेगळं नावच देऊन ठेवलंय, इतकं ते ठरलेलं.

"पाणी बर्फ पळवतं म्हणता, मग अमेरिकेतल्या बफेलो शहराचं काय?" नंदूने पत्ता टाकला. "तिथे तर तळ्यामुळेच बर्फ पडतो."

हा मुद्दा बरोबर होता आणि मेघाने तो सोडला नाही. ईरी तळं सुमारे 388 किलोमीटर लांब, नैऋत्य-ईशान्य पसरलेलं, आणि बफेलो त्याच्या पूर्वेच्या टोकाला. वारा नैऋत्येचा असला की हवा तळ्याच्या पूर्ण लांबीवरून पाणी उचलत येते. अट अशी की दीड किलोमीटर उंचीवरची हवा तळ्याच्या पृष्ठभागापेक्षा किमान 13 अंशांनी गार हवी. मग ढग उभे राहतात आणि एका अरुंद पट्ट्यात बर्फ ओततात. पट्ट्याच्या बाहेर ऊनसुद्धा असू शकतं. ईरी तिकडच्या मोठ्या तळ्यांत सर्वांत उथळ, सरासरी खोली 19 मीटर, म्हणून ते लवकर गोठतं. एकदा गोठलं की हा कारखाना बंद. पण नाताळला ते बहुधा उघडं असतं आणि घात तिथेच होतो.

2022 मध्ये तेच झालं. 23 डिसेंबरपासून बफेलोत सलग 37 तास हिमवादळ, विमानतळावर सुमारे 132 सेंटिमीटर बर्फ, त्या परगण्यात 40 हून अधिक माणसं गेली. अंदाज आधीपासून होता, चुकलं पुढचं. रस्त्यावर गाड्या न्यायची बंदी जाहीर झाली तोवर सकाळ उजाडून लोक कामावर निघाले होते. गाड्या रुतल्या, त्यांच्यामागे बर्फ हटवणारे आणि रुग्णवाहिकाही रुतल्या. गाडीत अडकल्यावर हीटर चालू ठेवायचा मोह होतो, पण मागची धुराची नळी बर्फात गाडली गेली की कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. तिकडे राहणाऱ्यांना शिकवतात ते एवढंच: आधी नळी मोकळी करा, तासातून दहाएक मिनिटंच इंजिन चालवा, काच बोटभर उघडी ठेवा.

पीटर गप्प झाला होता. सरांनी मग खिशातून पेन काढून कापसाच्या बंडलाच्या पुठ्ठ्यावरच गणित मांडलं. नाताळच्या सुमारास सूर्य दक्षिणेला 23.4 अक्षांशावर डोक्यावर असतो. आपला गाव तिथून किती अंश दूर, ते 90 मधून वजा करायचं, भरदुपारची सूर्याची उंची मिळते. वसई: 47 अंश. बेथलेहेम: 35. लंडन: 15. आइसलंडचं रेक्याविक: जेमतेम अडीच. मेलबर्न: 76, तेही उत्तरेच्या बाजूला.

"आणि दक्षिण ध्रुव?" मेघाने मुद्दाम विचारलं.

"23.4. चोवीस तास तेवढाच. म्हणजे लंडनच्या दुपारपेक्षा वर." तरी ध्रुवावर डिसेंबरात उणे 25-28 असतं, कारण एक तर तो 2,835 मीटर उंच, आणि येणारं बहुतेक ऊन बर्फ तसंच परत पाठवतो. गंमत अशी की तिथलं 1957 पासूनच्या नोंदींमधलं सर्वांत गरम तापमान नेमकं नाताळच्या दिवशीचं आहे: 25 डिसेंबर 2011, उणे 12.3. शिवाय तिथे बर्फ पडतो फारच थोडा, वाळवंटच ते. पायाखाली अडीच किलोमीटरहून जाड बर्फ असून आभाळ निरभ्र असेल तर ब्रिटिश व्याख्येने तो पांढरा नाताळ नाही! मेघाने यावर "ओके, ही व्याख्या वाईट आहे" एवढं मान्य केलं.

मेलबर्नचा विषय निघाला कारण इथल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी तिकडे आहे. "तिकडे काय, नाताळला उन्हाळा, समुद्रावर जेवण," पीटर म्हणाला. तितकं सरळ नाही. मेलबर्नचा सर्वांत गरम नाताळ 1907 चा, 40.7 अंश, आणि 2006 ला पारा 14.5 च्या वर गेला नाही, जवळच्या डोंगरांत भर उन्हाळ्यात बर्फ पडला, तोही वणवे चालू असताना. तिथे उत्तरेचा वारा म्हणजे वाळवंटातली झळ, दक्षिणेचा म्हणजे थेट अंटार्क्टिकाकडचा गारवा. दोन्हींची सीमारेषा शहरावरून सरकली की तासाभरात 15 अंश उतरतात. गारवा आला म्हणून हायसं वाटतं, पण वणवा विझवणाऱ्यांना याच क्षणाची धास्ती. उत्तर वाऱ्यात आग लांब, चिंचोळी पळत असते, तोंड लहान. वारा नैऋत्येचा झाला की तिची किलोमीटरभर लांब बगलच तोंड होते. म्हणून पूर्ण आगबंदीच्या दिवशी लाकडाची-कोळशाची शेगडी बाहेर पेटवायची नाही. गॅसची चालते, पण भोवती तीन मीटर सुकं काही नको, हाताशी किमान 10 लिटर पाणी हवं आणि एक मोठं माणूस सतत उभं हवं.

"आणि डार्विन?" नंदूचा आवाज जरा बदलला. जहाजावरच्या माणसाला ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या बंदराचं नाव माहीत असतंच.

24 डिसेंबर 1974. ट्रेसी नावाचं चक्रीवादळ, आकाराने इतकं लहान की सोसाट्याचा वारा केंद्रापासून जेमतेम 50 किलोमीटरपर्यंत. महिन्याच्या सुरुवातीला सेल्मा नावाचं वादळ शहराकडे येता येता वळून गेलं होतं, त्यात नाताळची संध्याकाळ; इशारे ऐकूनही लोक जेवणाच्या तयारीत. मध्यरात्रीनंतर विमानतळावरचा वेगमापक 217 किलोमीटरवर पोचून बंद पडला. 66 माणसं गेली, शहरातली 70 टक्क्यांहून जास्त घरं मोडली आणि बहुतेक शहर रिकामं करावं लागलं.

"वारा जास्त होता, घरं पडली, त्यात शिकण्यासारखं काय?" पीटर म्हणाला.

मेघा म्हणाली, तपासणाऱ्यांना सापडलं ते उलट. पत्रे एका झटक्यात उडाले नव्हते. वारा छपराला वरून ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो, तासन् तास. स्क्रूच्या डोक्याभोवतीचा पत्रा, हातातला तुकडा पुढे-मागे वाकवत राहावं तसा, वाकून वाकून तडकला. स्क्रू लाकडात घट्ट आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून निघून गेला. छप्पर गेलं की भिंतींचा वरचा आधार गेला. एखादी खिडकी फुटून वारा आत शिरला असेल तर आतून रेटा, बाहेरून ओढ. त्यानंतर डार्विनमध्ये नियम झाला: पत्र्याची जोडणी 10,000 वेळा ओढून-सोडून तपासायची, मगच वापरायची. स्क्रूखाली मोठे वॉशर आले, छपरापासून पायापर्यंत लोखंडी सळया आल्या.

"म्हणजे निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे झालं तेच," नंदू म्हणाला. जून 2020 मध्ये तिकडचे पत्रे गेले ते बऱ्याच ठिकाणी जे-हुकसकट (पत्रा खालच्या वाशाला अडकवणाऱ्या वाकड्या हुकसकट) नव्हे, हुक जागेवर ठेवून.

"हुक बदलून स्क्रू मारले की झालं ना मग?"

"नाही. आधी कडा बघ," मेघा म्हणाली. "ओढ सर्वांत जास्त कोपऱ्यात, वळचणीला आणि आढ्याला असते. आपले कारागीर सगळीकडे सारख्या अंतरावर स्क्रू मारतात. मधल्या भागात एक नागमोड सोडून चालतं, पण कडेच्या ओळींना प्रत्येक नागमोडीच्या माथ्यावर एक, खाली रुंद वॉशर, आणि पत्रा वळचणीच्या फार बाहेर लोंबत ठेवायचा नाही."

"आणि खालचा वासा भिंतीला नुसता टेकवलेला असेल तर?" सरांनी विचारलं.

"तर पत्रा टिकेल आणि वाशासकट जाईल."