सोलापूर उंचावर आहे म्हणून ध्रुवावरच्या बर्फाशी आपला संबंध नाही?

'ध्रुवावरचा बर्फ वितळतोय ही नुसती भीती आहे' असा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मोहोळच्या आमच्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'उगं घाबरू नका.' काका रब्बी ज्वारी करतात. त्यांनीच हे खरं मानावं, याचा राग आला.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे: 'सोलापूर समुद्रापासून लांब, साडेचारशे मीटर उंच. आपल्याला काय फरक पडतो?' समुद्र सोलापुरात येणार नाही, कबूल. पण पाऊस येतो ना? आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि रब्बी ज्वारी त्याच ओलीवर पेरतात. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली नेमका हाच सप्टेंबर तपासला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ फार कमी झाला की त्या वर्षी भारतात सप्टेंबरातली अतिवृष्टी वाढते, असा संबंध त्यांना दिसला. बर्फाविना उघड्या पडलेल्या समुद्राची उष्णता हवेत जाते, वायव्य युरोपवरच्या जास्त दाबाची तिला साथ मिळते आणि उंचावरच्या वाऱ्यांची घडी बदलते. तो परिणाम आग्नेयेकडे सरकत आशियापर्यंत पोचतो. त्यात अरबी समुद्र तापलेला असला की बाष्पाला तोटा नाही. एकट्या बर्फामुळे पाऊस पडतो असं कुणीच म्हणत नाही. पण पेरणीच्या तोंडावर रान चिबडलं की वाफसा येत नाही आणि पेरा लांबतो, हे काकांना मी सांगायचं?

'पेल्यातला बर्फ वितळला तर पाणी वाढत नाही.' तरंगत्या बर्फापुरतं हे खरं आहे. ग्रीनलँडचा बर्फ मात्र जमिनीवर आहे. तो सगळा वितळला तर समुद्र ७ मीटर चढेल. शिवाय तरंगता बर्फ ऊन परतवतो, तो गेला की खालचं गडद पाणी ते शोषतं. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय, त्यामागचं हे एक मोठं कारण.

'अंटार्क्टिकात बर्फ वाढतोय.' समुद्रावरचा बर्फ २०१४ पर्यंत थोडा वाढत होता. मेसेज तिथंच अडकलाय. २०२३ मध्ये तोच बर्फ उपग्रहांच्या नोंदींतल्या नीचांकावर आला.

'हे निसर्गाचं चक्र आहे.' हिमयुगांची चक्रं हजारो वर्षांची असतात. आर्क्टिकचा हा बदल काकांच्या हयातीत झालाय.