गायमुखच्या चढावर मिसिंग करणारी पद्मिनी: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची तक्रार अशी: तुमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आम्ही तीन दिवस ठेवून घेतली, ६,२०० रुपयांच्या बिलात पार्ट म्हणून फक्त कंडेन्सर आणि पॉइंट सेट (दोन्ही ठिणगीच्या यंत्रणेतले छोटे पार्ट), बाकी सगळी मजुरी. कार्बोरेटर बदला असं सांगूनही आम्ही बदलला नाही. आणि एसी लावून घोडबंदर रोडने जाताना गायमुखच्या चढावर गाडी अजूनही तिसऱ्या गिअरवर खेचत नाही. बिलाचा आकडा बरोबर आहे. तो कसा झाला ते सविस्तर लिहितो, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्या इतरांनाही हे उपयोगी पडेल.

गाडी आमच्याकडे वागळे इस्टेटला आली तेव्हा तिच्यात प्लग नवे होते, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) नवी होती, कार्बोरेटरला किट नवी होती. दुखणं मात्र तसंच. थंड इंजिनावर छान चालायची, तापली आणि चढ लागला की मिसिंग, म्हणजे इंजिनाचे ठोके मधेच चुकणं, सुरू आणि पिकअप गायब. आधीच्या गॅरेजने इंजिन खोलायला सांगितलंय, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. म्हणून सर्वांत आधी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. व्हॉल्व्ह जळालेला असता किंवा हेड गॅस्केट गेलं असतं, तर त्या सिलिंडरचा आकडा तिथेच पडला असता. तुमच्या वडिलांच्या वेळचं चांगलं इंजिन विनाकारण उघडलं जाणार होतं, ते वाचलं. अशा तपासणीला पार्ट लागत नाही, वेळ लागतो.

मग पेट्रोल. पंपाची लाइन काढून बाटलीत धार बघितली, व्यवस्थित होती. मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटवर स्प्रे मारून बघितला, आयडलिंग हललं नाही, म्हणजे हवा खेचत नव्हती. प्लग चारही काळे, कोरड्या काजळीचे. ताकद कमी वाटते म्हणून कुणीतरी मिक्स्चर जास्त केलेलं, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवलेलं होतं. कार्बोरेटरचा दोष एवढाच, आणि तो स्क्रू फिरवून जातो. चांगला कार्बोरेटर काढून त्या जागी बाजारातला नवा बसवायला माझं मन धजत नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही.

आता मूळ दुखणं. मिसिंग दोन प्रकारचं असतं. पेट्रोल कमी पडलं की गाडी हळूहळू मरगळते. ठिणगी तुटली की चावी बंद-चालू केल्यासारखा झटका बसतो. तुमच्या गाडीला झटके होते, आणि ते फक्त गरम इंजिनावर. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ते सापडणारच नव्हते. म्हणून गाडी गायमुखला नेली, कंटेनरच्या मागे दुसऱ्या गिअरवर चढवली, मिसिंग सुरू झाल्यावर कडेला घेतली. डेल्कोची (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप काढून स्टार्टर मारला तर पॉइंटच्या, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणाऱ्या टोकांच्या, मध्ये पांढरी लखलखीत ठिणगी उडत होती. ती तिथे उडायलाच नको. पॉइंट उघडताना कॉइलमधला करंट कंडेन्सरने सामावून घ्यायचा असतो, तरच कॉइलमधून जोरदार ठिणगी निघते. कंडेन्सर तापल्यावर गळायला लागला की सगळा जोर पॉइंट जाळण्यात जातो. चढावर सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो, प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते मिळत नाही. आमच्याकडचा खात्रीचा कंडेन्सर लावला, मिसिंग थांबलं. जुना परत लावला, परत सुरू झालं. एवढं केल्याशिवाय मी ग्राहकाला ‘सापडलं’ असं सांगत नाही.

तरीही गाडी जड वाटत होती. टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, लावला. रेस वाढवली की पुलीवरची खूण सरकायला हवी, कारण वेग वाढला की ठिणगी लवकर पडली पाहिजे. खूण जागची हलत नव्हती. डेल्कोच्या आतली ॲडव्हान्सची (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी) वजनं गंजून चिकटली होती. डेल्को उतरवून ती मोकळी केली, साफ केली, तेल दिलं, परत बसवून टायमिंग लावलं. या कामाला पार्ट एकही लागला नाही आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. पिकअप परत आला तो यामुळे.

राहिला तिसरा गिअर. तुमचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस बीएचपीच्या आसपास. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती गाडी बाहेर पडली तेव्हा तिला एसी नव्हता. तो नंतर बसवलेला आहे आणि त्याचा कंप्रेसर त्याच चाळीसातून ताकद घेतो. माणसं भरून, एसी चालू ठेवून चढ आला तर स्टिअरिंगवरचा गिअर दुसऱ्यावर टाका आणि आरामात चढा. यात बिघाड काही नाही. तरी मनात शंका असेल तर कुठल्याही दिवशी सकाळी गाडी घेऊन या. टायमिंग लाइटखाली खूण सरकताना दाखवतो, एसी बंद करून तुमच्याच हातात गाडी देऊन चढ चढवू. त्याचे पैसे नाहीत. जुना कंडेन्सर आणि जळलेले पॉइंटही ठेवलेत.

एक गोष्ट मात्र कृपा करून मनावर घ्या. पेट्रोलचा रबरी पाइप मऊ पडलाय, हे आम्ही बिलावर लिहून दिलं होतं आणि तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणालात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर फुगतं आणि चिरतं. तो पाइप गरम इंजिनाच्या शेजारून जातो. पाइप आमच्याकडेच बदला असं नाही, घराजवळ कुठेही बदला, पण इथेनॉलला चालणारा मागा. तोवर गाडीत पेट्रोलचा वास आला तर लगेच इंजिन बंद करून गाडीपासून बाजूला उभे राहा आणि फोन करा, आम्ही येऊ.