तिसरीपर्यंत फक्त गोष्टी? का बुवा?

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'तिसरीपर्यंत मुलांच्या हातात फक्त गोष्टी द्या. माहितीची पुस्तकं रुक्ष असतात, गोडी घालवतात. आधी वाचायला येऊ दे, माहिती नंतर. आणि माहितीपर लेखन त्या वयाला झेपत नाही.' गोष्टी मलाही प्रिय आहेत. माझं भांडण त्या 'फक्त'शी आहे.

रुक्ष? पाच वर्षांचं पोर दिवसभर विचारतं काय? पाल भिंतीवरून पडत कशी नाही, जेसीबीचा पंजा कशाने हलतो. कंटाळवाणी माहितीपुस्तकं असतात, कबूल. तशा गोष्टीही ढिगाने आहेत.

'माहिती नंतर' हे वरवर शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच जास्त नडतं. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी १९८८ साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं तो समजण्यात, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. ती मुलं मोठी होती, पहिलीची नव्हेत, हे खरं. पण 'नाइट वॉचमन सकाळी लगेच बाद झाला' हे वाक्य क्रिकेट न पाहिलेल्याला अख्खी बाराखडी येऊनही कळेल का? ही माहितीची शिदोरी चौथीत एकदम कुठून आणायची?

आणि माहितीचा अतिरेक होतोय म्हणावं, तर नेल ड्यूक या संशोधिकेने अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातले पहिलीचे २० वर्ग पाहिले होते. माहितीपर मजकुरासाठी दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं मिळत होती. हा अभ्यास २००० सालचा, तिकडचा. आपल्याकडच्या वर्गात घड्याळ लावून बसायला माझी हरकत नाही.

राहिलं लेखन. 'गाय हा पाळीव प्राणी आहे' छापाच्या दहा ओळी फळ्यावरून उतरवणं म्हणजे लेखन असेल, तर ते कुणालाच झेपू नये. माझ्या दुसरीतल्या भाचीने लिहिलं होतं: 'मुंगीला सहा पाय असतात. मी मोजले. पहिली पळाली म्हणून दुसरीचे मोजले.' वर्गात 'मी मोजले' खोडलं गेलं. निबंधात 'मी' नको म्हणे! मला तर तेच वाक्य सगळ्यात आवडलं.

मग सुट्टीत तिने लिंबू सरबताची कृती लिहिली. आजीने कागद समोर ठेवून, लिहिलंय तेवढंच केलं आणि पेला तिच्याच हातात दिला. साखर लिहायची राहिली होती. तोंड वाकडं करत तिने पेन्सिल मागितली.