‘पाच दिवसांत मातीचं घर शिका आणि नोकरी सोडा’ : या फॉरवर्डचं काय करायचं

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुप्सवर फिरतोय, मलाच तिघाचौघांनी पाठवला. सारांश असा: सिमेंटच्या घरांनी आपण आजारी पडतोय, आता जग मातीकडे परत चाललंय, पाच दिवसांचं निवासी वर्कशॉप करा आणि ‘नॅचरल होम कन्सल्टंट’ व्हा. डिग्री लागत नाही, घर निम्म्याहून कमी पैशात होतं त्यामुळे क्लायंट रांगा लावतील, सगळं नैसर्गिक म्हणजे शून्य विष, आणि आजोबांची घरं दोनशे वर्षं टिकली तर तुमचंही टिकेल. खाली लिंक, ‘शेवटच्या ६ जागा’ वगैरे.

मी माती, चुना आणि बांबूच्या साइटवर काम करतो, त्यामुळे या क्षेत्रात कोणी येतंय म्हटलं की खरं तर आनंदच होतो. पण या मेसेजवर विश्वास ठेवून नोकरी सोडणारा माणूस पहिल्याच पावसाळ्यानंतर परत नोकरी शोधायला लागेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘डिग्री लागत नाही.’ अर्धं खरं आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये सांगितलं की कायदा ती उपाधी राखून ठेवतो, पण तसलं काम करायला इतरांना बंदी करत नाही. म्हणजे बांधा खुशाल, फक्त कार्डावर आर्किटेक्ट छापू नका. परवानगीच्या नकाशावर सही मात्र नोंदणीकृत माणसाचीच लागते, म्हणून डिग्री नसलेल्याने एखादा समजूतदार आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनीयर सोबत धरावाच लागतो.

इथे लोक लगेच दीदी कॉन्ट्रॅक्टरचं उदाहरण देतात. अमेरिकेत वाढलेल्या, सासर नाशिकचं, नंतर हिमाचलात कांगड्याला स्थायिक झाल्या, आर्किटेक्चरची डिग्री नव्हती आणि माती, दगड, बांबू, स्लेटची घरं बांधून नारी शक्ती पुरस्कारापर्यंत पोचल्या. सगळं खरं. पण त्यांचं बांधकामाचं मोठं काम सुरू झालं साठीच्या आसपास, त्याआधी त्या परिसरात राहून तिथली घरं आणि तिथले कारागीर बघण्यात वर्षं गेली होती. हे त्या मेसेजमध्ये कुठे आहे?

आता पाच दिवस. पाच दिवसांत काय होतं सांगतो: चिखल तुडवता येतो, फोटो छान येतात, कॉबची, म्हणजे माती-पेंढ्याचे गोळे थापून केलेली, एक वाकडी भिंत आणि एक ओव्हन तयार होतो, तेवढ्यात सर्टिफिकेट. वाईट काही नाही, हात घाण करायची भीती जाते. पण माती ओळखायला कधी शिकणार? बरणीत माती आणि पाणी घालून हलवून ठेवायचं आणि थर बघायचे, हे पहिल्याच दिवशी दाखवतात, पण त्या थरांवरून या मातीत किती वाळू मिसळायची, किती तूस, किती पेंढा, आणि ही माती घ्यायचीच नाही हे कधी ठरवायचं, ते हळूहळूच येतं, वेगवेगळ्या गावच्या मात्या हाताळून. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगा पडतात, तिची भिंत करायला गेलात तर रडाल, तिथल्या जुन्या लोकांनी घरांना पांढरी माती वापरली ती उगाच नाही. कोकणात तांबडी जांभ्याची माती चांगली वागते पण तिथला पाऊस काही ठेवत नाही. शिवाय चुना. कळीचा म्हणजे भट्टीतून निघालेला कोरडा चुना विरवणं, मुरवणं, घाण्यात दळणं, गिलावा ओला ठेवून हळू सुकू देणं, यातली एक पायरी घाईत उरकली तरी पोपडे सुटतात.

शिकायच्या जागा आहेत आणि त्या गंभीर आहेत. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलची अर्थ (Earth) इन्स्टिट्यूट दाबलेल्या मातीच्या विटा आणि त्यांच्या कमानी-घुमट शिकवते. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये उभी राहिलेली भूजची हुन्नरशाला ही संस्था कारागिरांना सोबत घेऊन काम करते. केरळात, कमी खर्चाच्या घरांसाठी नावाजलेले आर्किटेक्ट लॉरी बेकर यांच्या विचाराने चालणारी कॉस्टफोर्ड ही संस्था आहे. आपल्याकडे बांबूसाठी कुडाळचं कॉनबॅक आणि मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र. यातल्या कुठेही जाऊन बघा, पाच दिवसांत कन्सल्टंट होतो असं कोणी सांगणार नाही.

‘निम्म्याहून कमी पैशात.’ माती फुकट हो, पण ती खणायची, चाळायची, मळायची, वाहायची, थापायची ती माणसांनी, आणि माणसाची मजुरी फुकट नाही. नसावीही. शिवाय भिंत म्हणजे अख्खं घर नव्हे. पाया, जोतं, छप्पर, दारं-खिडक्या, वायरिंग, प्लंबिंग, सेप्टिक टँक यांची बिलं माती वापरली म्हणून कमी होत नाहीत, उलट भिंत पावसापासून वाचवायला छप्पर पुढे काढावं लागतं आणि जोतं उंच घ्यावं लागतं. बेकरांनी खर्च कमी केला तो डिझाइनमधून. रॅट ट्रॅप बाँडमध्ये विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवायची, सुमारे २५ टक्के विटा वाचतात. स्लॅबच्या खालच्या भागात जिथे काँक्रीटचं काही काम नसतं तिथे मंगळुरी कौलं घालायची. हे करायला स्ट्रक्चर समजावं लागतं. क्लायंटला ‘निम्म्यात करून देतो’ म्हणून साइट सुरू केलीत तर अर्ध्यावर भांडण ठरलेलं, आणि या धंद्यात दुसरं काम पहिल्या क्लायंटच्या तोंडूनच येतं.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेला मुद्दा: ‘नैसर्गिक म्हणजे शून्य विष.’ अहो, कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावतात, वाळवी लागत नाही, आणि उघड्या हाताने लावलंत तर कातडी भाजून निघते. माती चाळताना, दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, ती धूळ कारखान्यातली की इको-साइटवरची हे फुप्फुस विचारत नाही. साइटवर मास्क, गॉगल, हातमोजे नसतील आणि मालकाचं घर तेवढं ‘हेल्दी’ असेल तर हा कसला आरोग्याचा धंदा?

बांबूचं तसंच. ट्रीटमेंट न केलेला बांबू भुंगे पोखरतात, खाली पिठासारखी भुकटी पडायला लागली की समजायचं. त्यावर कॉपर-क्रोम-आर्सेनिक मारतात, म्हणजे साक्षात आर्सेनिक, किंवा बोरॅक्स-बोरिक अॅसिड, जे माणसाला त्यामानाने खूप सौम्य पण पावसात धुऊन जातं, म्हणून तो बांबू उघड्यावर ठेवायचा नाही. कुठला बांबू घरात आणि कशात बुडवलेला, हे विचारणं हेच तर कन्सल्टंटचं काम!

आणि खरं विष बहुतेक वेळा भिंतीत नसतंच, ते फर्निचरमध्ये असतं. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्डमधल्या युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं, उकाडा आणि दमटपणात जास्त. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांत धरलंय. मातीच्या घरात स्वस्त बोर्डाचं वॉर्डरोब ठेवून वर ‘नॉनटॉक्सिक होम’ची रील टाकणारे मी पाहिलेत. रंगाचं घ्या, घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचे थर जुन्या दारं-खिडक्यांवर असतात, ते कोरडे घासले तर शिशाची धूळ घरभर आणि रांगत्या पोराच्या तोंडात. ओलं करून खरवडायचं, पोरांना बाहेर ठेवायचं. अॅस्बेस्टॉसचे पत्रे आपल्याकडे अजून विकले जातात, त्यांना भोकं पाडू नका, फोडू नका. हे सगळं सांगणारा माणूस कुठल्याही टूबीएचकेमध्ये उपयोगी पडतो, चिखलाचा एक गोळाही न उचलता.

‘आजोबांची घरं दोनशे वर्षं टिकली.’ टिकली ती दिसतात, पडली ती दिसत नाहीत. आणि टिकलेल्यांना दरवर्षी सारवण होतं, छप्पर शाकारणं होतं, कौलं परतणं होतं, मालक तिथेच राहत होता. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवा. हजारो माणसं गेली, बरीचशी झोपेत, कारण जाडजूड दगडांच्या भिंती नुसत्या मातीत रचलेल्या आणि डोक्यावर माळवदाचा मातीचा प्रचंड भार. म्हणून माती वाईट असं मी म्हणत नाहीये. त्याच वर्षी आलेलं आयएस १३८२७ हे भारतीय मानक मातीच्या इमारती भूकंपात कशा तगवायच्या तेच सांगतं: भिंतींना बांधून ठेवणारे आडवे पट्टे, कोपऱ्यापासून लांब ठेवलेल्या खिडक्या, हलकं छप्पर. वर्कशॉपमध्ये त्या मानकाचं नाव तरी निघतं का विचारून बघा.

राहिली क्लायंटची रांग. चौकशीची रांग असते, ती खरी, फार्महाऊसवाले शनिवार-रविवारी फोन करतात. काम मात्र साधारण दिवाळीनंतर सुरू होऊन मे महिन्यापर्यंत, पावसाळ्यात माती बंद, म्हणजे बारा महिन्यांचा खर्च सात-आठ महिन्यांच्या कमाईत बसवायचा. ज्यांचं बरं चाललंय ते एकाच गोष्टीवर नाहीत. पावसात ड्रॉइंग, बांबूचं फर्निचर, आणि हो, जुन्या घरांची दुरुस्ती. वाई-सातारा-पुण्यातल्या वाड्यांच्या चुन्या-मातीच्या भिंतींना लोकांनी सिमेंटचा गिलावा मारून ठेवलाय, आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून भुसभुशीत होत चाललीय. तो गिलावा काढून परत चुन्यात करून देणारा गवंडी मिळता मिळत नाही. मिळाला तर पन्नाशी-साठीचा, आणि त्याचा मुलगा टाइल्स बसवतो, कारण त्यात रोजचं काम आहे. ज्याला खरंच या कामात पडायचंय त्याने अशा एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली दोन सीझन बिगारी म्हणून राहावं, आणि त्या वर्कशॉपची फी मजुरी म्हणून त्यालाच द्यावी.

तरीही वर्कशॉपच करायचं असेल तर पैसे भरण्याआधी आयोजकाला एवढंच विचारा, तुम्ही बांधलेलं, चार-पाच पावसाळे खाल्लेलं एक घर दाखवाल का, आणि घरमालकाशी तुमच्या गैरहजेरीत बोलू द्याल का.